कुऱ्हाड रंग पाहून घेऊ नये

आमचा धंदा कापडाचा. ग्राहक दुकानात आला की कापड चिमटीत चोळतो, उजेडाला धरतो, रंग जाईल काय म्हणून दहादा विचारतो. तोच ग्राहक लोखंडाच्या दुकानात मात्र लाल रंगाची चकचकीत कुऱ्हाड फक्त भाव विचारून घेतो. हीच चूक आम्हीही केली.

हिंगणघाट तालुक्यात आमची थोडी शेती आहे. धुऱ्यावर वेडी बाभूळ आणि रायमुनिया, म्हणजे घाणेरी, माजली होती. सफाईसाठी आम्ही बाजारातून दोन स्वस्त कुऱ्हाडी आणल्या. दुसऱ्याच दिवशी एकीचे पाते दांड्यातून निसटले आणि मजुराच्या पायाजवळून गेले. अल्लाहच्या कृपेने जखम झाली नाही. दांड्याचा रंग खरवडला तेव्हा लाकडाच्या रेषा तिरप्या निघाल्या, आणि पाचरीऐवजी खिळा ठोकलेला होता. पैसे आम्ही वाचवले होते, पाय मात्र मजुराचा जाणार होता.

त्यानंतर गावच्या लोहाराकडून जे शिकलो ते वाचकांसाठी देत आहोत.

दांडा बिनरंगाचा घ्यावा. धावड्याचा मिळाल्यास उत्तम, नाही तर पक्क्या बाभळीचा. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ असाव्यात, गाठ नसावी. पाते वाजवून पाहावे. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा असण्याचा संभव. धारेवर कानस फिरवावी. कानस नुसती घसरली तर धार फार कडक, ती तुटेल. लोण्यासारखी रुतली तर पोलाद मऊ, धार टिकणार नाही. कानशीने थोडे थोडे लोखंड निघावे. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून चांगला लोहार उत्तम पाते घडवतो. धार लावताना सहाणेच्या चाकावर पाते निळे पडू देऊ नये. त्याने दिलेले पाणी उतरते.

कामाप्रमाणे हत्यार वेगळे. ओंडके फोडायला मागे जाड व जड कुऱ्हाड, फांद्या तोडायला एक-सव्वा किलोची पातळ पात्याची. काटेरी झुडपाला लांब दांड्याचा कोयता बरा, हात काट्यांपासून दूर राहतो. परंतु रायमुनिया व वेडी बाभूळ वरून तोडली तर पुन्हा फुटते. तिचे खोड जमिनीखाली कुदळीने खणूनच काढावे. पऱ्हाटीला तर कुऱ्हाड लावूच नये. ती चिमट्याने मुळासकट उपटावी.

ग्रामोद्योगाचा विचार वर्ध्याला नवा नाही. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम १९३४ मध्ये येथूनच सुरू झाले आणि मगन संग्रहालय १९३८ पासून येथे आहे. तरी गावचा लोहार रिकामा बसतो व आपण रंग विकत घेतो, ही खेदाची गोष्ट आहे. लोहाराच्या हत्याराला चार पैसे जास्त पडतात, पण बिघडले तर तो समोर असतो.

हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये येते की, एक अन्सारी गृहस्थ प्रेषितांकडे (स.) मदत मागण्यास आले. त्यांच्या घरी एक जाड कापड व एक पेला एवढेच होते. प्रेषितांनी (स.) त्या वस्तूंचा लिलाव करून दोन दिरहम मिळवले. एकाचे अन्न घरी द्यावयास व दुसऱ्याची कुऱ्हाड आणावयास सांगितले. कुऱ्हाड आल्यावर तिला दांडा आपल्या पवित्र हातांनी बसवला आणि त्यांना लाकूड तोडून विकण्यास पाठवले. पंधरा दिवसांत त्या गृहस्थांनी दहा दिरहम कमावले आणि त्यातून घरासाठी कापड व अन्न घेतले.

भांडवल अवघे एक दिरहम होते, परंतु दांडा बसवणाऱ्याने तो नीट बसवला होता. आपण बेकार तरुणाला रोज काही तरी देऊन वाटेला लावतो. त्याऐवजी सदक्यातून त्याला एक चांगले हत्यार द्यावे. मात्र देण्यापूर्वी दांडा स्वतः हलवून पाहावा. मजुराला हत्यार आपण देत असू, तर त्याच्या पायाची जबाबदारीही आपलीच आहे.