फोटोला नाव द्यावं का?

पहूरहून वाकोद, फर्दापूर करत अजिंठ्याला गेलेला माणूस फोटो घेऊन येतो आणि नाव देतो ‘अद्भुत अजिंठा’. अद्भुत आहे हे फोटोच सांगतो. लेणं कोणतं, ते मात्र कळत नाही.

नाव आणि माहितीची ओळ वेगळी. काय, कुठे, कधी हे ओळ सांगते. नाव पाहणाऱ्याची नजर वळवतं, कधी चुकीच्या दिशेलाही. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातल्या एका चित्राला एकोणिसाव्या शतकात ‘मरणासन्न राजकन्या’ हे नाव चिकटलं. पुढे अभ्यासकांनी ओळखलं, की ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी. नवरा भिक्षू झाल्याचं कळून ती कोसळली आहे. तरी त्या चित्राच्या फोटोखाली जुनंच नाव छापलं जातं आणि पाहणाऱ्याला विरहाऐवजी मृत्यू दिसतो. मेजर रॉबर्ट गिल यांनी काढलेले अजिंठ्याचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकात आले. अशा जुन्या फोटोंत लेण्याचा साधा क्रमांकच मला मोलाचा वाटतो.

घरात पहूर स्टेशनवरच्या ‘पीजे’ रेल्वेगाडीचा फोटो असेल, तर ‘रम्य आठवणी’ नको. ‘पाचोरा-जामनेर नॅरोगेज, पहूर स्टेशन’ असं लिहा, साल लिहा, खिडकीतल्या माणसांची नावं लिहा. कागदी फोटो असेल तर मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेन दाबलं की पुढून वळ उमटतो.