घरचे लिंबू आणि पोटातला जंतू



अमडापूर घ्या की वऱ्हाडातले दुसरे कोणतेही गाव घ्या. पोटात जळजळू लागले की वडीलधारी माणसे सांगतात, "लिंबू पिळून पाणी घे." पण पोटाचे प्रत्येक दुखणे लिंबाने बरे होते का?

जठरातला व्रण, म्हणजे अल्सर, तिखटाने आणि काळजीने होतो असे पूर्वी डॉक्टरही मानीत. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक नागमोडी जंतू ओळखला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे नाव. कोणी मानीना, तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतःच ते जंतू प्याले, आणि त्यांच्या जठराला सूज आली! २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता लिंबाकडे वळू. संत्र्या-लिंबांच्या सालीत हेस्पेरिडिनसारखी द्रव्ये असतात. प्रयोगशाळेत त्यांनी या जंतूची वाढ रोखलेली दिसली आहे. पण काचेची बशी वेगळी, पोट वेगळे. जठरातले आम्ल लिंबाच्या रसाहूनही तीव्र असू शकते, तरी हा जंतू तिथे वर्षानुवर्षे नांदतो. कसा? शेतात युरिया टाकल्यावर कधी कधी उग्र वास येतो ना? तो अमोनियाचा. जठररसातही थोडा युरिया असतो. हा जंतू त्याचा अमोनिया करतो आणि आपल्याभोवतीचे आम्ल मारतो. वर जठराच्या बुळबुळीत अस्तरात दडून बसतो. तिथे लिंबूपाण्याचे काय चालणार?

म्हणून दुखणे पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. श्वासावरून किंवा शौचावरून हा जंतू कळतो. औषधे बहुधा चौदा दिवसांची असतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. शौच डांबरासारखे काळे झाले, उलटीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा जंतू अनेकांच्या पोटात निमूट राहतो, हे खरे. पण त्याने जठराचा कर्करोगही होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच जाहीर केले आहे.

गुरुजी, मुलांना जेवणापूर्वी साबणाने हात धुवायला आणि शुद्ध पाणी प्यायला शिकवा. लिंबू ताटात जरूर असू द्या. त्यातले क जीवनसत्त्व भाजी-डाळीतले लोह अंगी लागायला मदत करते. ते अन्न म्हणून चांगले. औषधाची जागा मात्र त्याला देऊ नका.