भांगेचा गिलावा

वेरूळच्या बारा क्रमांकाच्या लेण्यातल्या गिलाव्याचे चिमूटभर नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेले आणि मातीच्या कणांत अडकलेले झाडाचे बारीक तुकडे दिसू लागले. झाड कोणतं, हे ठरवायला जालना परिसरातून आणि दिल्लीजवळून ताजी झाडं आणून ताडून पाहिली गेली. ते झाड होतं भांग, म्हणजे शास्त्रीय नावानं कॅनॅबिस सॅटायव्हा. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी 2016 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हे मांडलं. देवगिरीच्या किल्ल्यातल्या गिलाव्यातही भांग सापडली आहे. म्हणजे ही एखाद्या कारागिराची लहर नव्हती. या मुलखातल्या गवंड्यांना भांगेचा हा उपयोग ठाऊक होता.

मातीत काड किंवा भुसा कालवून ती तुडवायची आणि मग भिंतीला लावायची, हे मराठवाड्यात मातीचं घर बांधलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. नुसती माती वाळताना आक्रसते आणि तडकते. तंतू तिला धरून ठेवतात. मग भांगच का? तिचा तंतू चिवट असतो, हे एक कारण. दुसरं कारण अजिंठ्याला गेलं की कळतं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे तंतू आहेत, पण भांग आढळली नाही. तिथल्या तुसावर आणि तंतूंवर किड्यांनी ताव मारला, गिलावा आतून पोकळ झाला आणि त्याच्याबरोबर चित्रंही गळाली. वेरूळच्या नमुन्यांत किड्यांचा मागमूस नव्हता. भांगेच्या गुणधर्मांमुळे कीड लांब राहिली असावी, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

मला मात्र सर्वांत थक्क करते ती तिसरी गोष्ट. भांगेच्या खोडाचा गाभा असंख्य सूक्ष्म पोकळ्यांचा असतो. हवेत दमटपणा वाढला की त्या पोकळ्या आणि भोवतालची माती बाष्प शोषून घेतात, आणि हवा कोरडी झाली की ते हळूहळू सोडून देतात. मराठवाड्याचं हवामान डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि ओठ फुटावेत अशी कोरडी हवा, तर दोन महिन्यांत डोंगरावरून धबधबे कोसळताहेत. ही उलथापालथ भिंतीवरच्या रंगाच्या थरापर्यंत जशीच्या तशी पोचली असती, तर तो कधीच पापुद्र्यांनी सुटला असता. मागचा बसाल्टचा अजस्र खडक तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही, त्यामुळे लेण्यात तापमान फारसं हिंदकळत नाही. उरलेली दमटपणाची जबाबदारी गिलावा उचलतो. बाराशे वर्षांहून जास्त काळ हे काम चालू आहे, आणि त्याला विजेचं एक युनिटही लागलेलं नाही.

जगातली संग्रहालयं हेच काम यंत्रांकडून करून घेतात. त्यामागची गोष्टही एका डोंगराच्या पोटातच घडली आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रं बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला वेल्समधल्या मॅनॉडच्या पाटीदगडाच्या खाणीत नेली. तिथे तापमान आणि आर्द्रता स्थिर ठेवली होती. लाकडी फळ्यांवरच्या चित्रांचे पापुद्रे निघणं जवळपास थांबलं. चित्रं लंडनला परतली आणि दुखणं पुन्हा सुरू झालं. या अनुभवाचा पुढच्या काळावर मोठा प्रभाव पडला. सुमारे 20 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता हा जणू नियमच झाला, आणि तो पाळण्यासाठी वातानुकूलन यंत्रं अहोरात्र धडधडू लागली. फिरत्या प्रदर्शनासाठी चित्र मागणाऱ्या संग्रहालयालाही हेच आकडे पाळावे लागत. गेल्या दहा-बारा वर्षांत मोठ्या संग्रहालयांनी हा आग्रह सैल केला. बहुतेक वस्तूंना 16 ते 25 अंश आणि 40 ते 60 टक्के चालतात, मात्र बदल संथ हवा, असं ते आता मानतात. संथ बदल, म्हणजे नेमकं गिलावा करतो तेच.

त्याचं हे काम बंद पाडणं मात्र सोपं आहे. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारनं अजिंठ्याची चित्रं वाचवायला लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरवला, हे त्यांचं मोठं ऋण आहे. पण चित्रांवर त्यांनी शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वॉर्निशचा हात फिरवला. काही काळ रंग झळाळले, मग वॉर्निश पिवळं-तपकिरी पडलं, धूळ धरू लागलं. लाख हाही निसर्गाचाच पदार्थ, तरी तिनं भिंतीची रंध्रं बुजवली. म्हणून एखादी वस्तू नैसर्गिक आहे एवढं पुरत नाही. बाष्पाला तिच्यातून ये-जा करता येते का, हे पाहावं लागतं. मातीच्या भिंतीला सिमेंटचं ठिगळ लावू नये, तेही याचसाठी. पाणी आत कोंडतं, क्षार घेऊन कडेनं वाट काढतं आणि जुना गिलावा तिथेच फुटतो.

आणखी एक दमटपणा आपण स्वतः लेण्यात नेतो. माणसाच्या श्वासातून बाष्पही येतं आणि कार्बन डायऑक्साइडही. फ्रान्समधली लास्को गुहा 1948 मध्ये लोकांसाठी उघडली आणि श्वासानं, शेवाळानं चित्रं बिघडू लागल्यावर 1963 मध्ये बंद करावी लागली. अजिंठ्यात चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकी माणसं सोडतात आणि खासगी गाड्या चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबवून पुढे बसनं नेतात. पुष्कळांना हा त्रास वाटतो. मला ती आपल्याकडची अत्यंत शहाणी व्यवस्था वाटते.

तिथेच जवळ अजिंठ्याचं अभ्यागत केंद्र आहे. 2013 मध्ये उघडलेल्या या केंद्रात 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती आहेत. गर्दीचा भार मूळ लेण्यांवरून उतरवायचा, हा विचार अगदी योग्य होता. पण पाण्याची आणि विजेची बिलं थकली आणि केंद्राला टाळं लागलं. मातीच्या गिलाव्याचं मूळ लेणं उभं आहे आणि विजेवर चालणारी त्याची प्रतिकृती बंद पडली, याचं मला मनापासून दुःख होतं.

तिथल्या एका दालनात दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या कराव्यात असं मला फार वाटतं: एक सिमेंटची, दुसरी भांग कालवलेल्या माती-चुन्याची. भांगेचं खोड मिळणं अशक्य नाही, उत्तराखंडात 2018 पासून तंतूसाठी तिची परवान्यानं लागवड होते. दोन्ही भिंतींवर आर्द्रतामापक लावावेत आणि सहलीला आलेल्या मुलांना जूनपासून दिवाळीपर्यंतचे आकडे एका फळ्यावर लिहू द्यावेत.