हंगामापूर्वी टर्बोचे होज बघून घ्या

गळीत हंगाम तोंडावर आला की वाहनमालक टायर बघतात, ट्रॉलीची जोडणी बघतात, ऑइल बदलतात. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंत हवा नेणाऱ्या होजकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. आजच्या ट्रकना, ऊसतोडणी यंत्रांना आणि बऱ्याच मोठ्या ट्रॅक्टरना टर्बो असतो. तिथे ही हयगय फार महाग पडते.

टर्बो म्हणजे काय, तर धुराच्या जोरावर एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. म्हणजे होजचे दोन भाग झाले. टर्बोच्या अलीकडे ओढीचा, पलीकडे दाबाचा. दोहोंचे दुखणे वेगळे.

ओढीच्या बाजूचे आधी सांगतो, कारण इंजिने तिथेच मरतात. मागे एका सभासदाचा ट्रॅक्टर आमच्याकडे आला. ऑइल पीत होता, ओढ गेली होती. बघतो तर क्लीनरच्या पुढचा फाटलेला एल्बो सायकलच्या ट्यूबने गुंडाळून तारेने बांधलेला.

"अण्णा, हे कुणी केलं?"

"मीच की. वाटंत फाटला. रबर म्हंजे रबर, त्यात काय बघायचं?"

होज काढून आत बोट फिरवले तर बोटाला बारीक माती. फिल्टर नवा होता, पण त्याच्या पुढच्या फटीतून शेतरस्त्याची सगळी धूळ थेट आत जात होती. टर्बोची पाती झिजली, रिंगा गेल्या, लायनर गेले. वाहतुकीची उचल फेडायच्या ऐन हंगामात गाडी उभी राहिली आणि तोडलेला ऊस फडात वाळत पडला. तेव्हा ओढीच्या बाजूला तात्पुरती बांधाबांध करून एक खेपही करू नये. इथला होज आत तारेचे वेटोळे असलेला किंवा कंपनीच्या साच्यातला जाड घ्यावा. फिल्टर तुंबला की ओढ वाढते आणि पातळ होज आत चिमटतो.

आता दाबाची बाजू. टर्बोतून निघणारी हवा भाराखाली १५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून गरम असू शकते. इंटरकूलरमधून गेल्यावर ती बरीच निवते. म्हणून टर्बो ते इंटरकूलर हा तुकडा सर्वांत चांगला हवा. काही जण तिथे रेडिएटरचा होज कापून बसवतात. तो पाण्यासाठी केलेला असतो. हवेच्या वाटेत ऑइलचा थोडा ओलावा राहतोच, त्याने तो रबर फुगतो, मऊ पडतो आणि सटकतो. सिलिकॉनचा होज उष्णता चांगली सोसतो. पण साध्या सिलिकॉनलाही ऑइल मानवत नाही. जास्त ऑइल येत असेल तर आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला मागावा. निळ्या-लाल रंगावर जाऊ नका. कापलेले टोक बघा आणि आतले कापडाचे थर मोजा.

क्लॅम्पचा हिशेब करून बघू. पाइपचा बाहेरचा व्यास ६३ मिलिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो धरला, तर होज बाहेर ढकलणारा रेटा सुमारे ४७ किलो होतो. जवळपास साखरेचे एक पोते! साधी स्क्रूची होज क्लिप १९२१ साली ब्रिटिश आरमाराचे निवृत्त अधिकारी लमली रॉबिन्सन यांनी काढली. चीज उत्तम आहे आणि ओढीच्या बाजूला आजही पुरते. पण दाबाच्या बाजूला, मऊ सिलिकॉनवर, तिच्या खाचा होजमध्ये रुततात. तिथे रुंद पट्टीचा टी-बोल्ट क्लॅम्प घ्यावा. गरम-थंड होताना होज कमीजास्त होतो, म्हणून स्प्रिंग असलेला मिळाला तर अधिक चांगला.

माप घेताना मात्र बहुतेक जण चुकतात. क्लॅम्पचे माप पाइपवरून नव्हे, होज चढवल्यावर बाहेरून घ्यायचे. ६३ च्या पाइपवर ५ मिलिमीटर जाडीचा होज म्हणजे ७३ झाले. टी-बोल्टला आवळायला वाव थोडाच असतो. मोठा घेऊन शेवटपर्यंत आवळला तर तो गोल न राहता लांबट होतो आणि हवा सुटते.

पाइपच्या टोकाला उभारलेली कड असते, क्लॅम्प तिच्या आतल्या अंगाला बसवावा, कडेवर नव्हे. चढवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नये. पाइप पुसून कोरडा करावा, फारच अडले तर साबणाचे पाणी. हवा सुटली की ड्रायव्हर म्हणतो, "सायेब, चढाला वढत न्हाई," आणि मागे काळा धूर दिसतो. अशा वेळी पंपाला हात घालण्याआधी दाबाच्या होजचे सांधे बघावेत. गळतीच्या जागी ऑइलकट काळा डाग पडलेला असतो.

नवा होज बसवल्यावर पहिल्या दोन-तीन खेपांनंतर, इंजिन थंड असताना, क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून बघावा. होज दबून थोडा बसलेला असतो.