‘बंद’ या शब्दाची फोड : जुन्या डीझेल ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची भाषा

राळेगाव (जि. यवतमाळ) परिसरात जुना ट्रॅक्टर पुन्हा चालू करताना जी क्रियापदे कानी पडतात, त्यांचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे. आयशरने १९५९ मध्ये फरिदाबाद येथे ट्रॅक्टर तयार करण्यास आरंभ केला. महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्यातून १९६३ मध्ये मुंबईची कंपनी उभी राहिली. त्या काळची साधी यांत्रिक रचना पुढेही दीर्घकाळ टिकली. म्हणूनच कापसाच्या या मुलखात वडिलांनी घेतलेला आणि गोठ्याच्या कडेला वर्षानुवर्षे उभा असलेला ट्रॅक्टर आजही गावातल्या मिस्त्रीच्या हातून चालू होऊ शकतो.

अशा ट्रॅक्टरविषयी घरची माणसे ‘बंद आहे’ एवढेच सांगतात. हा शब्द परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. मिस्त्री त्याची फोड करतो. त्याची नामे बहुतेक परकी : पंप, नोझल, फिल्टर, पिस्टन, ‘मिस्त्री’ हा शब्दही मूळचा पोर्तुगीज. क्रियापदे मात्र घरगुती मराठी आहेत : घेणे, उचलणे, सोडणे, खाणे, फेकणे. ही क्रियापदे केवळ आलंकारिक नव्हेत. प्रत्येकामुळे दोषाचे स्थान बरेचसे निश्चित होते. हे पटण्यासाठी एंजिनाचे कार्य थोडक्यात पाहिले पाहिजे.

डीझेल एंजिनात ठिणगी नसते. रूडोल्फ डीझेल याने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या एंजिनाप्रमाणेच येथेही सिलिंडरमधील हवा दाबली जाते. साधारण १६ ते २० पट आकुंचन पावलेल्या या हवेचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. तीत नोझलमधून डीझेलचा सूक्ष्म फवारा सोडला की ते आपोआप पेटते. अर्थात एंजिन मोकळे फिरणे, हवा नीट कोंडली जाणे आणि योग्य क्षणी डीझेल पोहोचणे, या तीन अटी होत.

पहिल्या अटीचा भंग म्हणजे ‘एंजिन जाम आहे’. जाणता मिस्त्री लगेच सेल्फ मारत नाही. आधी एंजिन हाताने फिरवून पाहतो. पिस्टन गंजाने अडकला असल्यास नोझल काढून त्या छिद्रांतून थोडे पातळ तेल सोडतात आणि काही दिवस वाट पाहतात. घाईने जोर लावल्यास दुरुस्त होण्याजोगे एंजिन मोडते.

एंजिन मोकळे फिरते, पण ‘स्टार्ट घेत नाही’, तेव्हा तिसऱ्या अटीकडे लक्ष जाते. ‘डीझेल उचलत नाही’ म्हणजे टाकी ते पंप या मार्गात अडथळा : फिल्टर तुंबला, नळी चिरली किंवा उचलणारा छोटा पंप थकला. ‘हवा घेतली’ म्हणजे मार्गात बुडबुडे अडकले. डीझेल जवळजवळ दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पंपाचा सारा रेटा बुडबुडा आकुंचित करण्यातच खर्ची पडतो. नोझल उघडण्यास वातावरणाच्या १०० पटींहून अधिक दाब लागतो. तो निर्माणच होत नाही. येथे ‘घेणे’ या क्रियापदाची गंमत पाहावी. जे घ्यावयाचे ते एंजिन घेत नाही, कारण जे घ्यावयाचे नव्हते ते त्याने घेतले आहे.

उपाय क्रमाने करावयाचा असतो. जुने डीझेल टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यासह काढून टाकतात. फिल्टर आणि एंजिनातील तेल बदलतात. मग फिल्टरवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारतात. पुढे मुख्य पंपापाशी तेच करतात. शेवटी नोझलकडील नळ्यांचे नट सैल करून एंजिन फिरवितात आणि डीझेल उसळू लागताच नट आवळतात. हे ‘हवा काढणे’ होय. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो.

दुसऱ्या अटीचा दोष ‘कॉम्प्रेशन सोडते’ या शब्दांत सांगतात. एंजिन चालू झाल्यावर धूर पुढचे सांगतो. पांढरा धूर राहिल्यास डीझेल न जळता बाहेर पडत असते. निळा असल्यास एंजिन ‘तेल खाते’, म्हणजे रिंगा झिजल्या असण्याचा संभव. काळा ‘फेकत’ असल्यास डीझेल अधिक किंवा हवा कमी. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्यामुळे येथे ‘काया धूर’ ऐकू येतो.

परिभाषाकोशांनी ‘संपीडन’, ‘अंतःक्षेपण’ यांसारखी नामे दिली, हे कार्य महत्त्वाचेच आहे. परंतु कोशाचे स्वरूपच नामप्रधान असल्यामुळे निदान करणारी क्रियापदे त्यांतून निसटतात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या नव्या एंजिनांत दोष पडद्यावरील सांकेतिक क्रमांकाने कळतो. तेथे ‘उचलणे’ व ‘घेणे’ यांतील भेद कोणी कानाने शिकणार नाही. हा भेद केवळ कोशकाराच्या कामाचा नाही. ‘बंद’ या शब्दावर थांबलेले घर ट्रॅक्टर भंगारात देते. ‘हवा घेतली’ हे ज्याला ऐकू येते, त्याचे काम कित्येकदा एका पान्ह्यावर भागते. म्हणून व्यवसायबोलींचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुट्या भागांची यादी करून थांबू नये. कोणता भाग काय करतो किंवा करीत नाही, हे मिस्त्री ज्या पूर्ण वाक्यात सांगतो, ते वाक्य कर्ता, कर्म व क्रियापद यांसह, काम चालू असतानाच, टिपून घ्यावे.