शय्येचा राखणदार आणि आमचा खोजा

लकडगंजात राहणाऱ्याला शब्दांचा नाद लागावा, याचे पुष्कळांना नवल वाटते. पण आरागिरणीत ओंडका चिरला की आतली वर्तुळे दिसतात, तसेच शब्दाचे आहे. 'खोजा' हाच शब्द घ्या ना!

मूळ फारसी 'ख्वाजा' म्हणजे धनी, मालक. मोगलांच्या जनानखान्यावरील षंढ अंमलदाराला 'ख्वाजासरा' म्हणत. मुंबईच्या व्यापारी खोजा जमातीचे नावही याच शब्दावरून आले.

युरोपातही तीच तऱ्हा. ग्रीक 'युनूखोस' म्हणजे शय्येचा राखणदार. शरीराच्या हानीचा त्यात उच्चारही नाही. तोच शब्द लॅटिनमार्गे इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच भाषांत उतरला. उघड बोलणारा शब्द निराळा : 'कास्त्रातो', म्हणजे खच्ची केलेला. मुलांचा कोवळा गळा टिकावा म्हणून इटलीत हा प्रकार चाले. त्यांतला शेवटचा नामांकित गायक आलेस्सान्द्रो मोरेस्की १९२२ साली वारला. आमचे शेतकरी बैल बडवतात. तिथे माणसाची पोरे होती!

म्हणजे आधी क्रौर्य केले, मग त्यावर हुद्द्याची शाल पांघरली. पुढे हुद्दा गेला, शिवी उरली. ती तृतीयपंथीयांच्याही वाट्याला आली. वास्तविक ते खोजे नव्हेत. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्वतंत्र ओळख मान्य केली.

'तृतीयपंथी' हा शब्द चांगलाच आहे. पण वाचकहो, बोलणाऱ्याच्या मनात तुच्छता असेल, तर उद्या त्याचीही शिवी होईल. 'धनी' या अर्थाच्या शब्दाची झालीच की नाही?