न पाठवलेली नववी गोष्ट
दोन भाषा, एक प्रोग्रॅम : भाग ५

२०१९ साली जीसीसी या कंपायलर-संचाची नववी आवृत्ती आली आणि संख्याशास्त्रात घरोघरी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ भाषेची काही पॅकेजेस बिघडली. त्यांच्या कोडला कुणी हातही लावला नव्हता.

दोष निघाला सी आणि फोर्ट्रानच्या सांध्यात. समीकरणं सोडवण्याचं काम ‘आर’ लापॅककडे सोपवतं. १९९२ पासून चालत आलेलं हे फोर्ट्रानचं भांडार आजही तितकंच भरवशाचं आहे. त्यातल्या ‘डीपीओएसव्ही’ या सबरूटीनला आठ गोष्टी द्याव्या लागतात. पहिली म्हणजे एकच अक्षर : मॅट्रिक्सचा वरचा त्रिकोण घ्यायचा की खालचा. पण फोर्ट्रानमध्ये मजकूर पाठवला, की त्याची लांबीही पाठवावी लागते. ती कोडमध्ये दिसत नाही. कंपायलर यादीच्या शेवटी स्वतःच जोडतो. सीचा कंपायलर असं काही जोडत नाही. त्यामुळे सीकडून आठच गोष्टी जात आणि फोर्ट्रान नऊ धरून चाले. लांबी १ असणार हे ठरलेलंच होतं, ती कुणी वाचत नसे, आणि म्हणून वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग बिघडलं कशामुळे? इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी लिनक्सवर अशा पहिल्या सहा गोष्टी प्रोसेसरच्या रजिस्टरांतून जातात, बाकीच्या मेमरीतल्या स्टॅकवर. म्हणजे इथे दोन खण सीने राखलेले, तर फोर्ट्रानच्या हिशेबात तीन. ‘डीपीओएसव्ही’ शेवटी ‘डीपीओटीआरएस’ला बोलावतं, आणि त्याची यादीही तशीच नऊची. नव्या जीफोर्ट्रानने (जीसीसीच्या फोर्ट्रान कंपायलरने) तिच्यासाठी वेगळी जागा न घेता हातातलेच खण पुन्हा वापरले. तिसरा खण मुळात त्याचा नव्हताच! तिथे सीच्या कोडची स्वतःची माहिती होती, आणि तिच्यावरच लांबी लिहिली गेली.

हाच कोड दुसऱ्या यंत्रावर नेला की हिशेब बदलतो. विंडोजवर रजिस्टरं चारच मिळतात, म्हणून चार गोष्टी स्टॅकवर उतरतात. ६४ बिटी आर्मवर आठ मिळतात. आठही गोष्टी तिथेच मावतात आणि स्टॅकवर उरते ती फक्त न पाठवलेली लांबी. एका यंत्रावर कोड चालला म्हणून तो दुसऱ्यावर चालेल, असं अशा सांध्याबद्दल कधीच धरता येत नाही.

कंपायलर नियमानेच वागत होता. तरी जगभरचा जुना कोड मोडू देणं परवडणारं नव्हतं, म्हणून जीसीसीने अशा ठिकाणी ही बचत टाळली. ‘आर’ने सीच्या बाजूने लांबी स्पष्टपणे पाठवायला सुरुवात केली. तीही कंपायलरची आवृत्ती पाहून : जीफोर्ट्रान ८ पासून ६४ बिटी यंत्रांवर ती ४ ऐवजी ८ बाइटची झाली आहे. फोर्ट्रान २००३ मध्ये सीशी जोडण्याचा अधिकृत मार्ग आहे, पण तो लापॅकच्या सबरूटीनांना लावला तर त्यांना बोलावणारा जुना फोर्ट्रान कोड अडतो.

पुढच्या आठवड्यात : सीचा ‘लाँग’ ६४ बिटी लिनक्सवर ८ बाइटचा आणि विंडोजवर ४ बाइटचा, त्यापायी नमपायला २०२४ साली काय बदलावं लागलं.